दातावरचा दात

विठाबाई मावशीला पहिले सहा महिने मी मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. २००८ साली मी कंधारहून लातूरला अकरावी-बारावीच्या क्लाससाठी आले होते. माझा वरचा एक सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता आणि होस्टेलच्या मुली मला 'दुमजली' म्हणायच्या. बारावी संपायच्या आत तो दात ओळीत यायला हवा, एवढंच मला हवं होतं. शेवटी वडिलांनी लातूरच्याच एका दातांच्या डॉक्टर मॅडमकडे तारा बसवून दिल्या.

तार आवळायला दर महिन्याला जायचं. मॅडमचा नियम होता की दात स्वच्छ नसले तर तार आवळायची नाही, कारण तारेखाली कीड लागते. ते तपासायला क्लिनिकमधली मदतनीस विठाबाई मावशी बेसिनपाशी उभी असायची. ती एक लाल गोळी चघळायला द्यायची. चूळ भरली की जिथं घाण राहिली असेल तिथं लाल डाग दिसायचे. डाग दिसले की परत जा, महिना वाया. मेसमधली शेंगदाण्याची चटणी तारेत अडकते, हे त्या बाईला कोण सांगणार?

एकदा चिडून मी म्हणाले, "मावशी, तुमचेच दात मिश्रीनं काळे झालेत."

"म्हनूनच सांगायलेय," ती म्हणाली. "तोंड उघड."

तिची एक खोड मला खटकायची. बाकीचे दात ती भराभर बघायची आणि माझ्या त्या सुळ्यापाशी थांबायची. त्याच्या बाजूनं, खालून बारीक ब्रश फिरवत राहायची. शेवटी मी विचारलंच, त्या दातात एवढं काय आहे म्हणून.

"माझ्या पोरीला, राजकन्याला, असाच दात होता," ती म्हणाली. "ह्याच बाजूला. बारा वर्साची होती. भूकंपात गेली."

किल्लारीजवळचं त्यांचं गाव. घर पडलं त्यात मुलगी गेली, आणि तिचा शाळेतला एकुलता एक फोटोही मातीत गेला. "हसली की तो दात आधी दिसायचा. आता तोंड नीट आठवत न्हाई बघ, दात आठवतो." हे तिनं ब्रश धुता धुता सांगितलं.

त्यानंतर क्लिनिकला जाताना मला अपराध्यासारखं वाटायला लागलं. सुळा महिन्यामहिन्यानं ओळीत सरकत होता. मला तो चढलेला नको होता, आणि तिला मुलगी आठवायला तेवढीच एक जागा होती.

बारावीच्या सराव परीक्षांच्या आठवड्यात मी ब्रशकडे लक्षच दिलं नाही. गोळी चघळून आरशात पाहिलं तर सगळी ओळ लालभडक. आता ही मला परत पाठवणार आणि तिला तो दात आणखी महिनाभर बघायला मिळणार, हे मी धरूनच चालले होते. मावशीनं मला स्टुलावर बसवलं, पदर खोचला आणि अर्धा तास खपून एकेक दात स्वतः साफ केला.

"परत पाठवायचं ना," मी म्हणाले.

"कशापायी? तुझी परीक्षा हाय. लई दिस तारा वागवल्यास. होऊ दे सरळ."

परीक्षा संपली त्या आठवड्यात तारा निघाल्या. मी आरशापुढून हलेना. उपचाराआधी घेतलेला दातांचा प्लास्टरचा साचा शेवटी ज्याचा त्याला द्यायची मॅडमची पद्धत होती. मावशीनंच तो कपाटातून काढला. त्यात माझा सुळा अजून चढलेलाच होता. तिनं कोरडा ब्रश घेऊन त्याच्यावरची धूळ झाडली, बाजूनं, खालून, नेहमीप्रमाणे. मग साचा माझ्यापुढं धरला, पण हातातून सोडला नाही.

"तुला लागतो का गं हा?" तिनं विचारलं. दोन वर्षांत तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"नाही मावशी. तुम्हीच ठेवा."

तिनं तो पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचला. मला रडू आलं, तिला नाही. बेसिनपाशी एक नवीन मुलगी गोळी चघळत उभी होती.

"ये गं," मावशी तिला म्हणाली. "तोंड उघड."