आचाऱ्याचं भूत आणि आमचे पेले

तलासरीकडच्या आमच्या गावात जमीन हादरू लागली तेव्हा साहेब मंडळी येऊन मैदानात तंबू ठोकून गेली. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात तंबू शेजारच्या चिकूच्या वाडीत जाऊन पडला. मग ज्याने त्याने आपापला बंदोबस्त केला. आम्ही फळीच्या कडेला स्टीलचे पेले एकावर एक रचून ठेवायचो. पेले पडले की बाहेर पळायचं.

काकीला पळता येत नव्हतं. तिच्या मांडीचं हाड मोडलेलं. तिला उचलून नेणं माझं काम. दिवसा तिची खाट अंगणात टाकता आली असती, पण टीव्ही आत होता. धक्क्यापेक्षा मला भीती वेगळीच होती. पेले पडतील आणि मला ऐकूच येणार नाहीत.

दुपारी काकी एक रहस्यमालिका बघायची. रोज नवी गोष्ट, मध्येच एखादी विनोदी. हे विनोदी भाग मला केविलवाणे वाटत. भुताला धोतर सावरत नाही, चेटकिणीला चष्मा लागतो, असला मामला. काकी मात्र त्यांचीच वाट बघायची.

"रडकी भुतं गावात काय कमी आहेत?" म्हणायची.

त्या दुपारी आचाऱ्याचं भूत होतं. ते लग्नघरात स्वयंपाकाला जाई आणि दर खेपेला भांडी पाडी. खणखणाट झाला, काकी हसली. पुन्हा झाला, मीही हसलो. तिसऱ्यांदा झाला तेव्हा भूत नुसतं कांदा चिरत होतं.

मी वळून पाहिलं. पेले जमिनीवर लोळत होते. खालून तो ओळखीचा गडगडाट येत होता. मी काकीला उचललं.

"अरे थांब, नवरी यायचीय."

"काकी, घर हलतंय."

"मग आधी सांगायचं की."

आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागे तिच्या उशीवर एक कौल आणि अर्धी वीट येऊन पडली. जमीन थांबली तरी मी काकीला खाली ठेवलं नाही. आत टीव्हीवर भांडी पडतच होती.

आता विनोदी भाग लागला की आम्ही आवाज बंद करतो. भांडी आवाज न करता पडतात, माणसं तोंड उघडून पोट धरतात. इतकं भयाण मी भयकथांतही पाहिलेलं नाही. काकी पडद्याकडे बघून हसते. मी पेल्यांकडे बघत बसतो.