लॉक उडवणारी ओळ

प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता आणि मी पार घाबरलेली होते. ही नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर आम्हा तिघांनाही परत पुण्याला जावं लागणार. लेक न्यूनेन या डच गावातल्या शाळेत आत्ता कुठे रुळत होती.

काम म्हटलं तर साधंच. आमच्या सॉफ्टवेअरचे कंटेनर, म्हणजे चालवायला तयार गठ्ठे, सर्व्हरवर बांधले जायचे; त्याला बिल्ड म्हणायचं. त्यासाठी डाउनलोड केलेली पॅकेजेस कॅशमध्ये, म्हणजे एका सामायिक साठ्यात राहायची, दरवेळी नव्याने आणायला नकोत म्हणून. पण दोन बिल्ड एकदम सुरू झाले, की दोन्ही त्याच कॅशमध्ये घुसायचे. पहिला तिथे ‘काम चालू आहे’ सांगणारी लॉकची फाइल ठेवायचा आणि ती बघून दुसरा एरर देऊन बंद पडायचा. टीम लीडने हे लचांड माझ्या गळ्यात घातलं.

पुण्याच्या ऑफिसात आम्ही काय करायचो? लॉक दिसला की उडवायचा आणि साहेबांना ‘झालं’ म्हणून सांगायचं. सोमवारी मी तेच केलं. बिल्डच्या आधी लॉकची फाइल डिलीट करणारी एक ओळ घातली. एरर गायब. लीड खूश झाली. कसं केलं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बुधवारी टेस्टिंगचं मशीन सुरूच होईना. ते सांभाळणारा डच टेस्टर माझ्या शेजारी बसायचा, साठीला आलेला. कॉफीला उठला की न विचारता माझाही कप आणायचा. मीटिंगमध्ये म्हणाला, “माझंच काहीतरी चुकलं असेल,” आणि मशीनवरचं सगळं पुसून सॉफ्टवेअर परत टाकत बसला. मी बिल्डचा लॉग उघडून नोंदी वाचल्या. दोन बिल्ड एकाच फाइलवर एकदम लिहीत होते आणि अर्धवट पॅकेज टेस्टिंगच्या कंटेनरमध्ये गेलं होतं. माझ्या त्या ओळीमुळे.

तेव्हाच बोलायला हवं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, सांगून टाक ना.” “सांगते,” म्हटलं आणि गुरुवारही तसाच घालवला. शुक्रवारी प्रोबेशन संपत होतं.

शुक्रवारी सकाळी टेस्टर माझ्यासमोरच लीडला म्हणाला, “हे काम दुसऱ्या कुणाला दे. मला आता जमत नाही.” तेव्हा बोलले. सोमवारी घातलेल्या ओळीपासून सगळं सांगितलं. मग ओळ काढली, कॅश रिकामी केली आणि सेटिंग बदललं. आता पहिल्या बिल्डचं होईपर्यंत दुसरा थांबतो. दहा मिनिटांचं काम होतं.

“चुका होतात. नोकरी जात नाही तुझी,” लीड म्हणाली. “पण बुधवारीच का नाही बोललीस?”

दुपारी टेस्टर कॉफी आणायला उठला. आमच्या टेबलावर तो धरून आम्ही पाच जण बसतो. तो ट्रेमध्ये चार कप घेऊन आला.