उजवीकडची नथ

फोटोच्या मागे काहीच लिहिलेले नव्हते. पुढे आई होती, वयाने अगदी लहान, डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर पदर घेतलेली. तिच्या मांडीवर माझी थोरली बहीण, जिला मी कधी पाहिले नाही. आणि दोघींच्या मागे एक डोंगर, डावा खांदा खचलेला.

वडील पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होते. नाशिकभोवती त्यांचे तंबू सारखे हलत. एका नव्या मुक्कामावर पोहोचल्या दिवशीच साहेबांनी हौसेने हा फोटो काढला आणि लगोलग मायलेकींना ताप चढला. आई शुद्धीवर आली ती मालेगावला, माहेरी. मूल तोवर त्या मुक्कामावरच गेले होते. तान्ह्या मुलाला पुरतात आणि बायका तिथे जात नाहीत. आईला तर गावाचे नावही कुणी सांगितले नाही. वडिलांनी हयातभर तो विषय काढू दिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी आईचे हृदय थकल्याचे सांगितले. तिने एवढेच मागितले, "मला एकदा तिथे नेऊन आण. ओंजळभर पाणी घालीन नि परत येईन."

मग दर रविवारी मी फोटो घेऊन निघू लागलो. दिंडोरी, पेठ, त्र्यंबक. डोंगर पुष्कळ होते, तो डोंगर नव्हता. वाटेत घरून फोन आला की मी आधी आईचेच विचारत असे. संध्याकाळी आई माझ्या चपलांच्या आवाजाकडे कान लावून बसे. ते मला अधिक जड जाई.

शेवटी पेठ रस्त्यावर बऱ्यापैकी जुळणारा एक डोंगर सापडला. तो हा नव्हे, हे मला कळत होते. पण आईची नजर अधू झालेली. "हाच तो" म्हटले असते तर तिने मानले असते. मी तसे म्हणायचे ठरवले. ते दयेपोटी ठरवले की स्वतःची सुटका व्हावी म्हणून, याचे प्रामाणिक उत्तर मला आवडत नाही.

निघायच्या सकाळी बायको फोटो पिशवीत ठेवता ठेवता थांबली. "अहो, आईंची नथ उजवीकडे कशी?"

"उजवीकडे?" आई पलंगावरून फणकारली. "अगं, एवढी का वेडी होते मी? नाक टोचलंय ते डावीकडे. ये, हात लावून बघ!"

फोटो उलटा छापला गेला होता. इतके महिने मी डोंगराकडे पाहत राहिलो, आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलेच नाही. बायकोने तो कपाटाच्या आरशासमोर धरला. खचलेला खांदा उजवीकडे गेला आणि मी डोंगर ओळखला. अंबडच्या कारखान्यात कामाला जाताना हा डोंगर मी रोज पाहत होतो.

तिकडे गाडी वळवताना मला नवीच धास्ती बसली. तिथे आता माती तरी कुठे होती? शेड, कुंपणाच्या भिंती, माल उतरवणारे ट्रक. डोंगर फोटोतल्यासारखा दिसू लागला तिथे एका भिंतीशी मी गाडी थांबवली आणि आईला हाताला धरून उतरवले.

"हीच का जागा?"

पेठ रस्त्यासाठी तयार केलेले वाक्य तोंडाशी आले. ते मी गिळले. "डोंगर हाच आहे, आई. जागा नेमकी कुठली, ते मला माहीत नाही. यापुढे कळेल असंही वाटत नाही."

ती डोळे बारीक करून डोंगराकडे पाहत राहिली.

"ओ आजी, इथे गाडी नका लावू, ट्रक वळतो," फाटकावरचा रखवालदार ओरडला.

"लावत नाही रे बाबा, निघालेच." ती माझ्याकडे वळली. "पोरीला दिसतो ना डोंगर इथून? मग बाटली दे इकडे."

भिंतीच्या कडेला जेमतेम हातभर माती होती. वाकणे तिला झेपणार नव्हते, म्हणून मी खाली बसून तिची ओंजळ धरली. पाणी तिच्या बोटांतून माझ्या हातावर आणि मग मातीत गेले.