पदराखालची बाटली

करंजीच्या बियांचं तेल विकणारी मावशी दर बाजाराला आमच्या दारी येई. वात भिजवून आधी आपणच दिवा लावे आन् म्हणे, "पाहा भाऊ, हाये का धूर? त्या घासलेटानं देवाचं तोंड काळं होते." साऱ्या गावानं घासलेट धरलं, मी मात्र तिचंच तेल घेत राह्यलो.

एक दिवस दुकानात तीच दिसली, पदराखाली घासलेटाची बाटली धरून. मले पाहून म्हणे, "बैलाच्या गोचिडासाठी नेऊन राह्यली, भाऊ."

तिच्या घरी शेळीही नव्हती.

"औंदा गोचीड लय झाले, मावशी," मी म्हणालो. तिनं मान खाली घातली.

मग ती दारी आलीच नाही. घासलेट मी आणलं नाही. तिच्या तेलाची रिकामी बाटली दर बाजाराला दारात ठेवली आन् अंधारात जेवलो.