करंजाला बांधलेला नंदी

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक मोकळं मैदान आहे. नकाशात त्याला बगीचा म्हणतात. प्रत्यक्षात तिथे काही कडुनिंब, करंज, शिसू आणि एका कोपऱ्यात वाकडी बाभूळ. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी समितीत विषय निघाला की ही झाडं काढून सिमेंटचे गट्टू बसवावेत, म्हणजे गाड्या लावायची सोय होईल. विषय आणला समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंनी. त्यांचे छोटे ट्रक रस्त्यावर उभे असत आणि रोज कुणी ना कुणी त्यावरून भांडत असे. पोळ्यानंतरच्या सभेत निर्णय व्हायचा होता.

माझं डोकं फिरलं. जन्मभर शिकवण्याची खोड, म्हणून आधी व्याख्यान ठेवलं. खुर्च्या मागवल्या, घसा कोरडा होईस्तोवर प्राणवायूपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत सगळं बोलले. मोजकी डोकी आली, तीही चहा झाल्यावर उठली. मग वृक्षदिंडी काढली, तर लोकांनी गॅलरीतून हात हलवले. नवरा म्हणाला, पुढच्या खेपेला झाडांनाच बोलाव, ती निदान उठून तरी जाणार नाहीत. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

तान्हा पोळा जवळ आला, तेव्हा मला सुचलं. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, तो सोहळा आमच्याकडे दरवर्षी रस्त्यावर मांडव टाकून व्हायचा. मी म्हटलं, यंदा मैदानात घेऊ, झाडांची सावली आहे, मांडवाची कटकट वाचेल. आणि नियम काढला: बैलाला खुंटा लागतोच, तेव्हा प्रत्येक पोराच्या नंदीला एक झाड. बक्षीस एकट्या नंदीच्या सजावटीला नाही, झाडाच्या सजावटीसकट मिळेल.

आमच्या नागपूरकडे तान्ह्या पोळ्यात पोरांपेक्षा मायबापांनाच जास्त चेव असतो. आदल्या दिवसापासून मैदानात हीऽ गर्दी. बुंधे धुतले, गेरू फासला, आंब्याच्या पानांची तोरणं चढली. कडुनिंबांवरून तर शेजारणी-शेजारणींची जुंपली. बाभळीपाशी कुणी जाईना. शेवटी ती एका पोराच्या वाट्याला गेली, तर त्याची आई माझ्यावरच उखडली. "काहून मॅडम, आमच्याच पोराले बाभूळ काहून?" पण संध्याकाळी त्याच बाईने बाभळीला असं नटवलं की मी बघत राहिले.

ट्रान्सपोर्टवाले भाऊ नातीला घेऊन उशिरा आले. मधला करंज तेवढा उरला होता. भाऊंनी स्वतः स्टुलावर चढून त्याला झेंडूच्या माळा घातल्या आणि दुसऱ्या कुणी तिथे नंदी बांधू नये म्हणून सोहळा संपेपर्यंत पाठ टेकून उभे राहिले. नंदीवाल्या पोरांना बोजाऱ्याचा खाऊ वाटतानाही हलले नाहीत, नातीचा तिथेच मागवला.

मग सभा झाली. मी चार पानी भाषण पर्समध्ये ठेवलं होतं. अध्यक्षांनी गट्टूंचा विषय घेतला आणि भाऊ उठले.

"गट्टू बसवा, माही काही हरकत नाही. फक्त तो मधला करंज सोडा. माह्या नातीचा नंदी पुढच्या साली कुठं बांधाचा मंग?"

ते बसले आणि लगेच एक काकू उठल्या. त्यांना आपला कडुनिंब हवा होता, बाकीची झाडं खुशाल तोडा म्हणाल्या. त्यांच्या मागून शिसूवाले उठले. बाभूळवाली बाई सगळ्यात शेवटी बोलली. "काट्याची असली तरी आमची आहे ते."

प्राणवायूचं नाव कुणी काढलं नाही. प्रत्येकाने आपलं एकच झाड मागितलं, निःसंकोच आपमतलबीपणाने. अध्यक्ष नकाशावर एकेक झाड वगळत गेले. गट्टूंसाठी फाटकाजवळची ओट्याएवढी जागा उरली. तेवढे बसवले.

अध्यक्ष म्हणाले, मॅडम, आज तुम्ही काहीच बोलल्या नाहीत. मी मान हलवली, पर्स उघडलीच नाही. सगळ्या झाडांना मालक मिळाले होते आणि माझ्या वाट्याला एकही आलं नव्हतं. साऱ्या नोकरीत मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.