माझं ताट मी घेतलं नाही

हॉटेलात शिरल्या शिरल्या काउंटरवरच्या पोरीनं आमच्या मनगटाला केशरी पट्टी बांधली. दिसायला कागदासारखी, पण ओढली तरी फाटत नाही. मी ओढून बघितली. आमचा मुलगा म्हणाला, "अण्णा, ही हातात आहे तोवर इथलं सगळं तुमचं. नाश्ता, जेवण, चहा, आइस्क्रीम, पोहायचा तलाव. कुणाला काही विचारायचं नाही."

मी म्हणालो, "बाजारात बैलाच्या शिंगाला खूण करतात, तसलं आहे हे."

हिनं मात्र हिरव्या बांगड्या वर सारल्या आणि मुकाट्यानं हात पुढं केला.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून मुलानं आणि सुनेनं हे तीन दिवस ठरवले होते. मुलगा इकडं परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून दवाखान्यात डॉक्टर. आम्ही उन्हाळ्यापुरते त्यांच्याकडं आलेलो. हॉटेल समुद्राला लागून होतं. जाहिरातीत गरम देशातला किनारा दाखवला होता. दारात माडासारखी झाडं होती खरी, पण त्यांना नारळ लागत नाहीत. वाळूत गवताच्या छत्र्या रोवलेल्या आणि त्यांच्याखाली माणसं जाकिटं घालून बसलेली. पोहायचा तलाव आत, काचेच्या छपराखाली. तिथं चांगलंच उकडत होतं आणि वर प्लास्टिकचे पोपट टांगले होते.

नात म्हणाली, "आजी, इट्स लाइक गोवा!"

ही म्हणाली, "गोव्याला स्वेटर लागत नाही गं."

मला त्या पोपटांचं काही नव्हतं. अडचण जेवणाची होती आणि ती घरूनच आमच्याबरोबर आली होती.

झालं असं की, निघायच्या आधी एकदा नातीनं हिला विचारलं, लग्नाच्या वाढदिवसाला तुला काय पाहिजे. ही मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "वस्तू नको. तिथं तीन दिवस मी कुणाला वाढणार नाही, आणि कुणाचं झाल्यावर जेवणार नाही. बसले की जेवणार."

मुलगा म्हणाला, "अण्णा, ऐकलं का?"

"कान शाबूत आहेत," मी म्हणालो.

आमच्यात मी आधी बसतो, ही वाढते आणि मी उठल्यावर ही बसते. माझी आई तशीच करायची, हिची आई तशीच करायची. इथं सून भांडी टेबलावर मांडून "घ्या" म्हणते. मी हात लावत नाही. मग ही उठून वाढते. यात कुणी कुणाला कमी लेखलं असं मला वाटत नाही, आजही वाटत नाही. पण तिनं काय मागितलं तेही मला नीट समजलं होतं. चौथीपर्यंत शिकलोय, तरी एवढं समजतं.

दुसरी गोष्ट रांगेची. गावात माझी पिठाची गिरणी होती. उभा जन्म लोक दळणाचे डबे घेऊन माझ्यापुढं रांगेत उभे राहिले. सरपंचाचा डबासुद्धा रांगेतच. मी मात्र रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात उभा राहिलो नाही आणि पानात कुणी वाढल्याशिवाय जेवलो नाही. लग्नाकार्यात हातात ताट घेऊन फिरायची पद्धत निघाली, तेव्हापासून मी अक्षता टाकतो आणि घरी येऊन जेवतो.

मुलगा, सून, नात आम्हाला सोडून दुपारीच परत गेले. संध्याकाळी आम्ही जेवायला खाली उतरलो. भला मोठा हॉल, एका बाजूला वाफाळलेली भांडी आणि समोर लोकांची रांग. हातात ताट, नजर भांड्यात. मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. ही पण बसली. मग उठली, ताट घेतलं, भरून आणलं आणि स्वतःपुढं ठेवलं.

"अहो, ताटं तिकडं आहेत."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय. बसलोय."

"बसा," म्हणाली आणि जेवायला लागली.

माझ्याआधी जेवताना मी तिला प्रथमच बघत होतो. सावकाश जेवते. आधी सगळी भाजी संपवते, मग भाताला हात लावते. हे मला माहीत नव्हतं.

टेबलं बघणारी एक बाई होती, आमच्या सुनेपेक्षा बरीच मोठी, गालांवर लाली. ती येऊन म्हणाली, "ऑल ग्रँड?" म्हणजे सगळं ठीक ना. मी "येस" म्हणालो. माझे सुरीकाटे स्वच्छच होते, ते तिनं उचलून नेले. तिला वाटलं, माझं झालं.

खोलीत सुनेनं दिलेला चिवडा होता, तो खाल्ला. चिवडा पुडीतून खायचा असतो, वाढून घ्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच आणि खोलीतल्या किटलीचा चहा. ही खाली जाऊन व्यवस्थित नाश्ता करून आली. मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. तिनं चपला माझ्याकडं दिल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पाणी बर्फासारखं. तरी बराच वेळ उभी होती. परत येताना गुडघा धरून चालत होती.

दुपारी पुडीच्या तळाशी नुसते शेंगदाणे राहिले.

"आता?" ही म्हणाली.

"आता शेंगदाणे."

"चक्कर येऊन पडलात तर लोक मलाच म्हणतील, म्हातारीनं उपाशी मारला."

"लोकांना मराठी येत नाही."

संध्याकाळी पुन्हा तेच टेबल. ही बसली, पण ताट आणायला गेली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खुर्चीवर हात टेकून उठायला लागली. "आणते मी," म्हणाली. "एवढं एकदा वाढते. पुन्हा नाही."

"बस खाली," मी म्हणालो. "तीन दिवस वाढणार नाही म्हणालीस ना? सगळ्यांपुढं म्हणालीस. आता शब्द फिरवायचा नाही. आणलंस तरी मी खाणार नाही."

"मग काय करू? तुम्हाला बघत जेवू?"

तिचा आवाज बारीक झाला होता. मागितलेली एकच गोष्ट आणि ती आता दुसऱ्याच दिवशी संपत होती. तिचं बोलणं मोडू द्यायचं नाही आणि माझंही मोडायचं नाही, असं दोन्ही बाजूंनी आलं.

मग मी उठलो.

लग्नाच्या पंगतीत जिलबी आणि मठ्ठा नेहमी माझ्याकडं असायचा. वाढप्याला मान असतो. तो भांडं घेऊन फिरतो, पण ते त्याच्यासाठी नसतं. मी एक ताट उचललं आणि रांगेत उभा राहिलो. भांडं तिचं होतं, त्यामुळं अडचण नव्हती. आधी मीठ आणि लिंबाची फोड. चटणी नव्हती, तिथं लाल सॉस. डाव्या हाताला गाजर, उजव्या हाताला घेवडा. बटाट्याचे प्रकार बरेच होते, उकडलेले, कुस्करलेले, भाजलेले. सगळे थोडे थोडे घेतले. चहाचा कप भातानं दाबून भरला, ताटाच्या मधोमध पालथा घातला, मूद पाडली. तिच्यावर पिवळी करी, वरणासारखी. मागचा माणूस थांबला होता, त्याला थांबू दिलं.

ताट तिच्यापुढं ठेवलं. ती जेवायला लागली. आधी गाजर, मग घेवडा. संपत आलं तसं मी जाऊन आणखी बटाटे आणले.

"नको."

"पंगतीत नको म्हणायचं नसतं."

"अहो, पोट आहे की पोतं?" तिनं ताटावर हात आडवा धरला. मी हाताच्या बाजूनं वाढलं.

"लोक बघायला लागलेत!"

"बघू देत. शिकतील."

मग ती हसली, तोंडावर पदर धरून.

वाढप्यांची पंगत शेवटी बसते आणि त्यांना दुसरं कुणीतरी वाढतं. इथं दुसरं कुणी नव्हतं. तिनं शब्द पाळला, उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आता जात नाही मला." आणि ताट टेबलाच्या मधोमध सरकवलं. अर्धी मूद, भाजलेले बटाटे शिल्लक.

लग्नात नव्या नवरीनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं, अशी पद्धत आहे. उलटी पद्धत मी ऐकलेली नाही. पण अन्न टाकायचं नाही हेही आहे. मी ताट ओढून घेतलं आणि संपवलं.

"कसं आहे?"

"मीठ कमी."

"ते काय तिथं. घ्या की."

मीठ मी घेतलं.

पुढं निघेपर्यंत तसंच चाललं. शेवटच्या दिवशी मी उठलो तशी मागून म्हणाली, "आज जरा जास्त घ्या." अर्धं खाऊन तिनं ताट सरकवलं.

मुलगा न्यायला आला तेव्हा त्या लाली लावलेल्या बाईनं त्याला काहीतरी हसून सांगितलं. तेव्हापासून तो इथल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात सांगत सुटलाय, अण्णा ताट हातात घ्यायला शिकले. चूक आहे. माझं ताट मी घेतलं नाही. ज्याला ऐकायचं त्यानं हे वाचावं.

गाडीत सुनेनं पर्समधल्या छोट्या कात्रीनं माझी पट्टी कापली. हिच्याकडं वळली, तर हिनं हात पदराखाली घेतला. "असू दे. हातात आहे तोवर सगळं माझं, असं हा म्हणाला होता."

मुलगा म्हणाला, "आई, ते हॉटेलापुरतं."

"तसं काही तो बोलला नव्हता," ही माझ्याकडं बघून म्हणाली. मला साक्ष द्यावी लागली. तसं तो बोलला नव्हता.

मुलाच्या घरी आल्यापासून पट्टी बांगड्यांच्या मागं तशीच आहे. रंग उडालाय. जेवायला ही माझ्याबरोबरच बसते आणि मी उठून वाढतो, एकाच ताटात. पट्टी फाटत नाही हे मी वर लिहिलंच आहे. मोठी कात्री स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये असते, इथं कपाटाला प्रेस म्हणतात. ती कात्री मी बाहेर काढलेली नाही.