मूठभर दाणे

उदगीर स्टेशनवर संध्याकाळी तो माझ्याच बाकावर येऊन बसायचा. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोत्यात लोखंडी नळी खुपसून धान्याचा नमुना काढायचं त्याचं काम. बसला की नळी धोतराला पुसायचा, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवायचा आणि डोळे मिटायचा. भिवयांवर तुरीचा भुसा तसाच. त्याच्या शेजारी गाडीची वाट बघणंही मला अर्धवट झोपेसारखं गोड वाटायचं.

एकदा समोर एक बाई मोबाईलमध्ये गुंग होती आणि मांडीवरचं लेकरू रडत होतं.

"ही आई आहे का कोण!" मी पुटपुटले.

"बसताना माझ्याबी मनात तेच आलं बघा ताई," डोळे न उघडता तो म्हणाला. "आलं, बघितलं, गेलं. मूठभर दाणे बघून अख्खं पोतं कसं हाय ते दिसभर ठरवतो मी. आता नळी पिशवीत हाय."

"मग माणूस ओळखायचा तरी कसा?"

"ओळखायचा कशाला? जवळ जाऊन बसायचं."

रुळांवर ऊन विरघळत होतं. मी उठले आणि त्या बाईशेजारी जाऊन बसले. तिनं मान वर केली नाही. लेकरानं मात्र माझं बोट धरलं. गाडी आली तरी मला ते सोडवावंसं वाटेना.